खड्डा सरकारचा, चाक माझं

लिंबाजी मामा स्वतःच्याच मोटरसायकलवर मागं बसायचे. टायर बदललं, चाक जागेवर बसवून नट आवळले, की ते किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि मागच्या सीटवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, बायका बसतात तसे बसायचे. डावा हात मांडीवर उताणा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चल सेनगावकडं. पळवू नको. बराबर चाळीसवर धर."

गोरेगावच्या बाजारातून आमची ही वरात निघाली की टपऱ्यांवरचे लोक चहाचा कप हातात धरून बघत राहायचे. पोरगी मोटरसायकल चालवतेय आणि मागं हा मिशीवाला बाप्या माणूस डोळे मिटून आडवा बसलाय.

"काय लिंबाजी, भाचीनं पळवून आणलं का?" कोणीतरी हमखास ओरडायचं.

मामा डोळे न उघडता म्हणायचे, "तुला पळवायला कोनी तयार हाय का, ते बघ आधी."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सेंट्रिंगचं काम करायचे. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या-बल्ल्यांचा सांगाडा उभा करावा लागतो, ते काम. गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन गेले. त्यांच्यावर चार शब्द लिहील असं दुसरं कोणी नात्यात नाही, म्हणून मी लिहिते. मी साखऱ्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली आणि पदवी घेऊन बाहेर पडलेली मी पहिली. हे मी सांगते, कोणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे. कॉलेज हिंगोलीला आणि राहायला गोरेगावात मामाचं घर. मला ठेवून घेताना मामानं माझ्या आईला विचारलं नाही, मामीला विचारलं नाही, मलाही नाही. साखऱ्याला आले, माझी पेटी गाडीला बांधली आणि म्हणाले, "बस." मामा कोणालाच काही विचारत नसत. त्यांच्या तोंडी प्रश्न यायचा तो फक्त भांडणात.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा द्वारकामामीच्या किडन्या निकामी झाल्या. मंगळवार-शुक्रवार हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. जीपनं न्यायची सोय नव्हती. जीपमध्ये माणसं अशी कोंबतात की एकाचा कोपर दुसऱ्याच्या बरगडीत असतो, आणि मामीच्या डाव्या हाताला तर धक्का लागून चालणार नव्हतं. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी त्या हातातल्या शिरा ऑपरेशन करून जोडलेल्या होत्या. वरून बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. ते गुरगुरणं थांबलं तर हात गेला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून मामा रोज सकाळी चहाच्या आधी मामीचं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "चालू हाय." झालं. एवढंच त्यांचं बोलणं.

मामी मला म्हणायची, "तुझ्या मामाला बायको न्हाई, मोटर हाय घरी. चालू हाय का बंद, तेवढं बघतेत."

एकदा परत येताना वाटेत तिच्या हाताचं बँडेज सुटलं. घरी पोचेपर्यंत लुगड्याचा पदर रक्तानं भिजला होता. दवाखान्यात म्हणाले, पट्टी सैल बसली असेल. मामानं ते ऐकून घेतलं आणि सगळा दोष गाडीच्या चाकावर ठेवला. गाडी जुनी होती, वेग धरला की हँडल थरथरायचं, सीटमधून मुंग्या यायच्या. "हे थरथरनं बंद झालं पाहिजे," ते म्हणाले. मला तेव्हाही दिसत होतं आणि आताही वाटतं, की किडनीला पाना लागत नव्हता, चाकाला लागत होता.

बाजारातल्या पंक्चरवाल्याकडं चाक नेलं तर तो हसायलाच लागला. "मामा, फटफटीच्या चाकाचं ब्यालन्स कोन करते? कारचं करतेत. अन् करून काय उपेग? रस्त्याची चाळनी झाली."

"खड्डा सरकारचा हाय," मामा म्हणाले. "चाक माझं हाय." आणि चाक खांद्यावर घालून घरी आले. शिवाय हा गडी टायर काढताना रिमवर हातोडा हाणतो, हा रागही होताच. त्या दिवसापासून आमच्या अंगणात टायरचं काम सुरू झालं. एकदा बाजारात "लिंबाजी, आता दुकान टाक" म्हणून कोणी चिडवलं, तर मामा म्हणाले, "तोंडानं मोटरसायकल चालत असती तर तू मुंबईला पोचला असतास."

मामा हे शिकले ते मोबाईलवर. कुठला तरी गोरा माणूस त्याच्या घरामागं टायर बदलायचा. त्याची भाषा कळायची नाही, पण हात दिसत होते. मामाकडं यंत्र कुठलं! चाकातली हवा सोडायची, टायरच्या कडेवर सेंट्रिंगची फळी ठेवायची आणि त्या फळीवर मामानं आणि मी उभं राहायचं, म्हणजे रिमला चिकटलेली कड सुटते. मग भांड्याच्या साबणाचं पाणी लावून दोन लोखंडी पट्ट्यांनी टायर थोडं थोडं उचकटायचं. नवं टायर आधी उन्हात टाकून मऊ करायचं, त्याची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी आणायचा, ट्यूबला किंचित हवा द्यायची म्हणजे ती पट्टीखाली सापडत नाही. पहिल्या वेळी ती सापडलीच. अख्खी दुपार घालवून टायर बसवलं, हवा भरली, आणि फुस्स. मामानं टायरला, ट्यूबला, त्या गोऱ्या माणसाला आणि त्याच्या आईला शिव्या दिल्या. मामी ओट्यावर बसून पोट धरून हसली. "भांड्याचं साबन समदं संपलं," ती म्हणाली. "टायरची आंघोळ झाली, आता पावडर लावा." तिला इतकं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

तोल साधायचं काम त्याहून किचकट. अंगणात दोन बाजा समोरासमोर ठेवायच्या, चाकाचा आस त्यांच्यावर टेकवायचा आणि चाक हलक्या हातानं फिरवून सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. मग वरच्या, हलक्या बाजूच्या स्पोकच्या तारांना वजन बांधायचं. विकतची वजनं परवडत नव्हती आणि आमच्याकडं मिळतही नव्हती. मामानं धरणावरच्या मच्छीमाराकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले. ते सेंट्रिंगच्या बारीक तारेनं बांधायचे, वर काळी टेप. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं, मणी काढायचा, सरकवायचा. चाक कुठंही थांबवलं तरी थांबून राहिलं, मागं वळलं नाही, की मामा बाजेवरून उठायचे. मग किल्ली माझ्याकडं आणि ते मागच्या सीटवर.

मी एकदा म्हटलं, "मामा, मामीलाच विचारा ना, हादरा कमी झाला का ते. तुम्ही कशाला बसता मागं?"

"चल गुमान," मामा म्हणाले.

मामीला मी विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झाला ना कमी. खरंच झाला. पन पोरी, मला तकलीफ हादऱ्याची न्हाई." आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. "तू नको सांगू त्याईला. इचारलं तर मी सांगीन."

अशी दोन-अडीच वर्षं गेली. माझी पदवी झाली, मी नोकरीच्या परीक्षा देऊ लागले, राहायला तिथंच होते. मामी वाळत गेली. तिचं हृदय कमजोर झालं. मशीनवर असतानाच तिचं बीपी खाली जायचं, पायात गोळे यायचे, परत आली की दुसरा दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. डॉक्टरांनी मामाला आणि मला बाहेर बसवून समजावलं, की आता यातून सुधारणा नाही, डायलिसिस तिला झेपणं अवघड होत चाललंय, आणि थांबवलं तर मात्र फार दिवस नाहीत. घरच्यांनी बोलून ठरवा, तिलाही विचारा, असं म्हणाले. मामा उठले आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडी पुसत बसले.

त्याच उन्हाळ्यात मागचं टायर पार गुळगुळीत झालं. मामा हिंगोलीहून नवं टायर खांद्यात अडकवून घेऊन आले. मामी ओट्यावर बसली होती.

"अवो, हे परत करा," ती म्हणाली.

"काहून?"

"जुनं पुरते मला."

मामा टायर खांद्यात घेऊन तसेच उभे. मग एकदम ओरडले, "टायर तुला हाय का? टायर गाडीला हाय!"

"बरं," मामी म्हणाली.

त्या दिवशी मामानं काम फार सावकाश केलं. मामी बघत होती, पण एकही टोमणा मारला नाही. चाक बाजांवर टेकवून मामा ते फिरवत राहिले, बराबर झाल्यावरही फिरवत राहिले. ऊन उतरल्यावर आम्ही नेहमीसारखे निघालो. मी पुढं, मामा मागं. गाव सोडून बरंच पुढं गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली. मामा उतरले नाहीत. हात मांडीवर उताणाच होता.

"पोरी," ते मागून म्हणाले, "मानूस जातो म्हनलं, तर त्याला धरून ठेवावं का सोडावं?"

"मामीला विचारा," मी म्हटलं. "मला काहून विचारता?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तिला इचारलं तर ती सांगंल ना," ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं नाही. गाडी चालू केली. चाक खरोखर लोण्यासारखं चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गाडी दारात लावली, किक मारली, इंजिन चालू ठेवलं. मामी बाहेर आली नाही. त्यांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मी आत गेले. मामी अंथरुणावर बसली होती, केस विंचरलेले, तोंड धुऊन कुंकू लावलेलं.

"मी न्हाई येत," ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आज न्हाई, मंगळवारी न्हाई, कधीच न्हाई."

मामा दारात आले. "उठ. येळ झाला. टायर नवं घातलं."

"छान घातलं."

"मंग उठ की!"

"अवो, मी मशीनवर चढते, उतरते, तुमी मला मागं बसवता, घरी आनून ठेवता. मी मानूस ऱ्हायले का सामान झाले?" तिला धाप लागली. ती थांबली, दम घेतला. "तुमी बांधलं चांगलं, नेलं चांगलं, कुठं सांडू दिलं न्हाई. पन आता उतरवा."

मी मध्ये पडले. म्हटलं, "मामी, असं नको. दोन आठवडे बघू, डॉक्टरांशी पुन्हा बोलू." मी शिकलेली, मला वाटलं माझं ऐकेल. मामीनं माझा हात हातात घेतला, पण बोलली ती मामाशीच. "तुमी एकटे जा अन् सांगून या, की हिची जागा दुसऱ्याला द्या. तिथं लोक वाट बघत बसून हायेत. फोनवर नका सांगू, जाऊन सांगा."

बाहेर इंजिन चालूच होतं. मामा बराच वेळ चौकट धरून उभे राहिले. मग गेले.

दुपारी परत आले. चप्पल काढून आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"सांगितलं का?" मामीनं विचारलं.

"सांगितलं."

"जागा कोनाला भेटली?"

"कळमनुरीकडली बाई हाय. लेकरावाली. आतापावतर नांदेडला जात व्हती."

"मंग बरं झालं."

डायलिसिसवरच्या माणसाला पाणीही बेतानं प्यावं लागतं. मामीचं पाणी मामाच्या हातात असायचं. ती मागायची, तरी ते घोटभरच द्यायचे, वरून रागवायचे. मामा उठले, माठापाशी गेले, आणि तिथूनच, पाठमोरे, म्हणाले, "पानी देऊ का?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं ते मी विसरणार नाही.

"द्या," ती म्हणाली. "पेला भरून द्या. हात राखू नका."

त्यानंतर मामा विचारतच राहिले. कामावर गेले नाहीत, तिच्या उशापाशी बसून असायचे. उशी उंच करू का? ऊन येऊन राहिलं का डोळ्यावर? भावाला बोलावून घेऊ का? पाय चेपू का? हळू चेपू का? मामी हो-नाही सांगायची. पुढं पुढं नुसती मान हलवायची. मग नुसत्या पापण्या.

आठवडा सरायच्या आत ती गेली. सकाळी वस्तीतल्या बायका तिला शेवटची आंघोळ घालायला जमल्या. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं होतं. मामा बायकांमधून वाट काढत पुढं आले. कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी बादलीत हात घातला, तो तसाच ठेवला आणि मामीच्या कानाशी वाकून विचारलं, "लय गरम हाय का?"