हेस्टवीकच्या शाळेचं छप्पर

गुनवोर आठ वर्षांची होती तेव्हाचं भांडण. ती हेस्टवीक गावच्या शाळेच्या जिन्याखाली ओले मोजे पिळत बसली होती आणि वर दारात तिचा बाप पेडर अन् शाळेच्या बाई एकमेकांना ऐकवत होते.

"छप्पर गळतंय, बाई. शनिवारी मी आणि भाऊ येतो, पत्रे ठोकून देतो."

"तुम्ही मासे सुकवा, पेडर. आज छप्पर ठोकाल, उद्या मला शिकवायला शिकवाल."

"पोरं आमचीच आहेत ना?"

"घरी. इथं ती माझी."

बाप टोपी चुरगाळत खाली उतरला. लेक जिन्याखाली आहे हे त्याला कळलंच नाही.

गुनवोर सातवी झाली आणि मासे चिरायच्या कारखान्यात लागली. पुढं वाचायची ती पेपरातले मथळे तेवढे. पण घरच्यांचा हात लागल्याशिवाय शाळा आपली होत नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. ती बासष्टीला आली, नातवंडं त्याच शाळेत होती, तेव्हा नगरपालिकेचं पत्र आलं: मुलं चौदा, इमारत मोडकी, दुरुस्ती परवडत नाही, सबब शाळा बंद करण्याचा विचार आहे.

ती दारोदार फिरली.

"ओडवार, शनिवारी शाळेवर दुग्नाड आहे. हातोडा घेऊन ये."

"काकू, माझा पोरगा यंदा शाळेतून सुटतोय."

"मी पोराला कुठं बोलावतेय? हातोड्याला बोलावतेय. नऊ वाजता."

दुग्नाड म्हणजे सगळ्या गावानं मिळून करायचं बिनपैशाचं काम. त्याला नाही म्हणता येत नाही. जो येत नाही त्याला कुणी बोल लावत नाही. फक्त दुकानात त्याच्याशी हवापाण्याचंही बोलत नाहीत. आमच्या एवढ्याशा बेटावर तेवढं पुरतं.

तीन वर्षं गाव राबलं. छप्पर नवं, खिडक्या नव्या, भिंतींना पिवळा रंग. सोमवारी बाप मंडळी मुलांशेजारी बसून वाचायची, जाळी विणणारी बिरगित दोऱ्यांच्या गाठींवर पाढे शिकवायची. मास्तर म्हणायचे, "हल्ली मुलं दांडी मारत नाहीत, बापच मारतात." मुलं परीक्षेत वरती आली. गुनवोर तेव्हा ताठ चालायची, आणि थोडी मिरवायचीही, खोटं कशाला बोला.

मग नगरपालिकेची पाच माणसं बघायला आली. गुनवोरच्या हातचे वाफळ, म्हणजे जाळीदार गोड घावन, त्यांनी तपकिरी चीज लावून तीन-तीन खाल्ले. अध्यक्षीणबाईंनी भिंतीवरून हात फिरवला.

"काय सुरेख ठेवलंय हो!"

"मग राहू द्या की आमच्याकडे."

"अवश्य विचार करू," बाई म्हणाल्या आणि वाटेत खायला चौथा बांधून घेतला.

विचार केला तो असा. जूनपासून शाळा बंद ठरवली, आणि वसंतात पेपरात इमारत विकायची जाहिरात आली, ती ओडवारनं दुकानात मोठ्यानं वाचली: "छप्पर नवे, खिडक्या नव्या, दारातून समुद्र. लगेच राहण्यास योग्य." ऑस्लोच्या एका दातांच्या डॉक्टरनं शाळा उन्हाळ्यापुरतं घर म्हणून घेतली. मुलांनी आता बोटीनं पलीकडच्या शाळेत जायचं, चाळीस मिनिटं, वादळ असेल तर घरीच.

"मोडकी होती तोवर गिऱ्हाईक नव्हतं, काकू," ओडवार पेपराची घडी घालत म्हणाला. "गळत गळत आणखी दहा वर्षं तरी चालली असती. तुमच्या हट्टापायी आम्ही दातवाल्याचा बंगला बांधून दिला."

"मला वाटलं, चांगली झाली की राहील."

"वाटलं!" मागून बिरगित म्हणाली. ती तर शेजारीण, पोरवयापासूनची.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गुनवोरशी कुणी हवापाण्याचं बोलेना. आठवड्यानं सूनच म्हणाली, "आई, थोडे दिवस दुकानात मी जाते. मुलांना ऐकून घ्यावं लागतं हो."

गुनवोरनं पिशवी तिच्या हाती दिली.

नोव्हेंबरात ती वारली. तिचं शाळेचं शेवटचं काम जूनमधलं, शाळा कायमची सुटल्यानंतरच्या शुक्रवारचं. दर शुक्रवारी चार वाजता ती वर्ग पुसायची, तशी त्याही दिवशी गेली. बाकं नेली होती, नकाशा नेला होता. बादलीत हिरवा साबण घातला, लांबच्या खिडकीपासून सुरुवात केली आणि ओल्यावर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत दारापर्यंत आली. कोपऱ्यात शाईचा एक डाग होता, तो गुडघ्यावर बसून नखानं काढला. मग पाणी पायरीशेजारच्या रुबार्बच्या रोपाला ओतलं, फडकं पिळलं आणि खिळ्याला वाळत घातलं.