गालिच्याची पाठ

"पाठ दाखय बघू!"

कुठलीही वस्तू हातात आली की आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या आबांचं पहिलं वाक्य हे. टोपली असो, चादर असो, आधी ती उलटी व्हायची. मिठबावात नवऱ्यामुलाच्या कोटाची कड उलटून शिवण तपासणारा हा एकच माणूस, आणि तेही नवरामुलगा कोटाच्या आत असताना! यामागे काही थोर तत्त्वज्ञान असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हतं हो. हयात जाळी विणण्यात गेली होती, आणि धागा काय करतो ते मागूनच कळतं, एवढंच.

आता माझा पराक्रम ऐका.

आमच्या वाडीच्या देवळात भजनाला बसायला एक देखणा विणलेला गालिचा आहे. शेजारच्या काकींनी तो नवऱ्याच्या आठवणीसाठी दिला. नवरा तिथेच बसून पखवाज वाजवायचा. सभामंडपाचं माप घेऊन, भिंतीला भिंत भिडेल असा त्यांनी तो हौसेनं करून घेतला होता. पण आम्ही किनाऱ्यावरची माणसं, खाऱ्या पायांनीच बसणार. मीठ ओल धरतं. होता होता गालिच्याला भिजल्या कुत्र्याचा वास यायला लागला. सप्ताह दोन दिवसांवर आलेला, आणि काकी लेकीकडे जामसंड्याला गेलेल्या.

"मी धुतो!" मी छाती काढून म्हणालो.

जाळं समुद्रातून आलं की गोड्या पाण्यात खळखळून धुवायचं आणि उन्हात पसरायचं, हे आमच्या रक्तातच आहे. मी तेच केलं. पाइप लावला, ब्रश मारला, गालिच्यावर थोडा नाचलोसुद्धा. संध्याकाळी चौघांनी तो आणून अंथरला, तर दाराच्या बाजूनं वीतभर फरशी दात विचकून आमच्याकडे बघत होती.

काकी परवा येणार. नवऱ्याची आठवण मी वीतभर आखूड केली, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

आबांना बोलावलं. त्यांनी कोपरा उलटला, बोट फिरवलं आणि हसले.

"लोकर आटली का हो?" मी विचारलं.

"लोकर ही वरची शोभा रे. खेळ सगळो पाठीकडे, आणि पाठ सुताची नि तागाची. सूत पाणी प्याला काय फुगता. धागे एकमेकांच्या वरसून-खालसून जातत ना? शेजारी जाडो झालो काय त्येका वळसो मोठो घालूक लागता. तेवढी लांबी खंयसून आणतलो? आपल्या अंगातलीच खर्च करता. म्हणान गालिचो आखूड."

मी नकळत स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

"तुका वळसो घालूचो झालो तर आख्खो गालिचो लागात!" आबा म्हणाले.

"मग जाळी कशी आटत नाहीत?"

"तुमची नायलॉनची. ती पाणी पियतच नायत, म्हणान तुमका धुवूची हिंमत! माझो बापूस सुताची जाळी विणी तेव्हा भोक मुद्दाम मोठा ठेवी. पयल्या पाण्यात आटतला, ह्या त्येका ठाऊक."

"सुकल्यावर परत लांब नाही का होत?"

"आपणहून कोण मागे सरता? ओढणारो व्हयो."

पाठ अजून ओलसर होती. तेवढी संधी साधून आबांनी वाडीतले आठ गडी जमवले, आणि किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं दोन्हीकडून ओढतात तसा गालिचा ओढायला लावला. स्वतः मधे उभे राहून ओरडत होते, "दमान रे! हो मासो न्हय, फाटात!" कड सरकेल तिथे लाकडी पट्ट्या ठोकल्या. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी गालिचा जवळजवळ भिंतीला पोचला होता. दाराजवळचा एक कोपरा मात्र हट्टी. तो वीतभर मागेच राहिला.

सप्ताह सुरू झाला. काकी दारात दिसल्या आणि मी कोपऱ्याकडे वळलो. बघतो तर आबा त्या कोपऱ्यात मांडी घालून, धोतर ऐसपैस पसरून बसलेले. खाली फरशी आहे की गालिचा, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

तेव्हापासून दरवर्षी सप्ताहाला ती त्यांची जागा. "आबा, पुढे पेटीजवळ बसा की," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माका हयसर बरो वारो लागता." त्या कोपऱ्यात वाऱ्याची झुळूकही येत नाही.

गेल्या वर्षी आबा गेले.

यंदा काकी आल्या, दारात थांबल्या आणि कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मी पुढे झालो. सगळं कबूल करायचं असं ठरवूनच आलो होतो.

"काकी, तो गालिचा..."

"गप रे. माका पयल्याच दिसाक दिसला होता. आबांनी येवढा सोंग घेतल्यानी, मगे मी कित्याक बोलू?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आता कोपरो उघडो दिसता. तू बस थंय."

मी बसलो. फरशी इतकी गार होती की पहिला अभंग संपायच्या आत माझे गुडघे कुरकुरायला लागले. आबा तिथे सहा सप्ताह बसले होते.