मामा भाव चढवतात

देशातलं कुठलंही सरकार डळमळू लागलं की त्याची बातमी पंतप्रधानांच्या आधी आमच्या बायकोच्या मामांना लागत असे. मामा मूळचे पाचोडच्या शेतकरी घरातले, औरंगाबादेत सरकारी कचेरीत कारकून. अर्थशास्त्राचा एकच सिद्धांत त्यांनी हयातभर सांभाळला : माणूस घाबरला की भाव पडतो, आणि भाव पडला की आपण घराबाहेर पडायचं. "मुंबईचे शेअरवाले येगळं काय करत्यात, जावईबापू? फक्त ते पंख्याखाली बसून करत्यात," असं ते मला समजावत. त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या राजकीय संकटात पडत्या भावानं आलेली, आणि त्याच संकटाच्या नावानं ओळखली जाणारी. लोखंडी कपाट म्हणजे मध्यावधी, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ म्हणजे राष्ट्रपती राजवट, आणि आवाज फार, वारा बेताचा असा छताचा पंखा म्हणजे आघाडी सरकार. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामी आतून म्हणाल्या, "जावयांना आणीबाणीवर नका बसवू, तिचा पाय ढिला झालाय." मी आपला उभ्यानंच पोहे खाल्ले.

एखादं सरकार नीट चाललं की मामा सुकत. बहुमत स्थिर आहे हे रेडिओनं सांगितलं की त्यांना जेवण जात नसे. उलट शहरात गडबड होऊन कर्फ्यू लागला की चेहऱ्यावर तेज चढे. दोन तासांची सवलत मिळताच सगळं गाव दुधाला आणि भाजीला धावे; मामा निघत टेबल आणायला, आणि टेबलाची दुसरी बाजू उचलायला मी. शहागंजच्या बाजारात दुकानदार अर्ध्या शटरखालून बाहेरचा अंदाज घेत असायचा. मामा वाकून, अगदी प्रेमानं त्याला सांगत, "आपल्याला घाई नाय. तुमचं मन जरा अजून घाबरू द्या."

एका वर्षी मात्र दंगल लांबली. मामांचे जुने मित्र रशीदभाई यांचं शहागंजात चहापत्तीचं दुकान होतं. कचेरी सुटली की मामा तिथं जाऊन फुकट चहा पीत आणि पत्तीला नावं ठेवत. एका सवलतीत आम्ही गेलो तर रशीदभाई रिकाम्या डब्यांकडे बघत बसलेले. म्हणाले, "बस हो गया मामा. जो भाव आयेगा उसमें दुकान बेचके लडके के पास हैदराबाद जातूं मैं." मी मामांकडे पाहिलं. भर बाजारातलं दुकान आणि घाबरलेला मालक! एवढा मोठा योग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. मामांनी त्या दिवशी पत्तीला नावं ठेवली नाहीत. चहाही अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सवलत मिळताच मामा दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसले. छावणी भागातला एक ठेकेदार आला, त्यानं निम्मा भाव सांगितला. मामा शांतपणे म्हणाले, "माझा त्याच्यापेक्षा जास्त." ठेकेदारानं वाढवला, मामांनी वाढवला. कोथिंबिरीची जुडीसुद्धा सांगितल्या भावात न घेणारा हा माणूस भाव चढवताना पाहून मला घाम फुटला. शेवटी ठेकेदार पाय आपटत गेला. पुढच्या सवलतींत आलेल्या दोघांचीही तीच गत झाली.

रशीदभाईंचे डोळे भरून आले. "मामा, तुम तो दिलदार निकले. अब बयाना देव."

"बयाना? इसार द्यायचं सोडा, माझ्याकडं घरी जायला रिक्षाचे पैसे नायत."

"मतलब? मेरे गिराइकां भगा दिये तुम?"

"व्हय."

"कायकू?"

"बाजार अजून घाबरलेला हाय. त्याला उठू द्या, मग खुशाल इका. गिऱ्हाईक मी सोता आणतो."

रशीदभाईंनी अस्सल दख्खनीत मामांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि बोलणं टाकलं. मामा तरी रोज जाऊन पायरीवर बसत. चहा नाही, पाणी नाही. हळूहळू कर्फ्यू उठला, शटरं पुरती वर गेली, लोकांना पुन्हा चहापत्ती लागू लागली. एका संध्याकाळी रशीदभाईंनी न बोलता एक कप पायरीवर आणून ठेवला. मामांनी घोट घेतला आणि म्हणाले, "पत्ती बेकार हाय." दुकान विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या संध्याकाळी घरी येताना मी मामांना चिमटा काढला, "मामा, सिद्धांत बुडाला म्हणायचा."

ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तवा पाचोडला आमच्या शेजारचा मुसलमान दुकानदार गाव सोडून निघाला. वडलांचा जिवाचा दोस्त. घाबरला होता, दुकान मातीच्या भावात दिलं. वडलांनी घेतलं. लई फायदा झाला."

"मग?"

"मग काय. वडील त्या दुकानात कवाच बसले नाय, भाड्यानं दिलं. बाजाराच्या दिवशी लांबच्या गल्लीनं फिरून यायचे. मी इचारलं एकदा, सरळ का येत नाय. तर म्हणले, तिकडनं आता हाक मारायला कोण हाय?"