नकाशात रिकामं राहिलेलं माळरान

दादा,

काशीहून मी निघाले त्या सकाळी पंचगंगा घाटावर अण्णांचे पूजेचे यजमान खोळंबले होते, तरी दूधविनायकाच्या गल्लीतून मोठ्या सडकेपर्यंत माझी बॅग त्यांनीच उचलली. तुला हातसुद्धा लावू दिला नाही. वाटभर तणतणत होते, ‘गंगाजी सोडून वाळूत कोण जातं?’ रिक्षा सुटली तशी मी तोंड फिरवून खूप रडले.

जैसलमेरच्या बाजूला माझं काम माळढोकाचं. हा मोठा, जमिनीवर अंडं घालणारा पक्षी आता मोजकाच उरलाय. तो कुठे कुठे राहू शकेल याचा नकाशा मी संगणकावर करते. त्याला समोरची तार दिसत नाही, आपटून मरतो. म्हणून विजेच्या तारा कुठून न्यायच्या, हे ठरवताना माझा नकाशा बघतात. तू चिडवायचास, ‘खोलीत बसून पक्षी पाळतेस होय!’ बरोबरच होतं रे तुझं.

इथे बाजरीची भाकरी अंगवळणी पडली. मराठी बोलायला कुणी नाही, तुमच्या फोनपुरती ती उरली आहे. एकदा अण्णांनी विचारलं, ‘तुझ्या नावानं संकल्प करायचा तर कुठल्या नदीचं तीर म्हणू?’ इथे नदीच नाही म्हटल्यावर ते हिरमुसले. ‘जागा नीट सांगावी लागते गं, अंदाजपंचे चालत नाही.’ मी हसण्यावारी नेलं.

आणि मी नेमकं अंदाजपंचेच केलं. आमची जीप जाईल तिथेच आम्ही पक्षी शोधले. जिथे गेलो नाही, तिथे पक्षी नाहीत असं मी धरून चालले. नकाशा तयार झाला तेव्हा पक्षी जणू रस्त्याकडेनेच राहतात असं दिसत होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खरं सांगू, आली होती. पण घाई होती, मी तसाच पाठवला.

गेल्या महिन्यात हुकमाकाका नावाच्या मेंढपाळानं मला पायी दोन तास चालवत एका माळावर नेलं. माझ्या नकाशात तो माळ निरुपयोगी. तिथे मादी उघड्या जमिनीवर अंड्यावर बसली होती, आणि पलीकडे विजेच्या खांबांसाठी खड्डे खणून झाले होते. काका रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘आप तो इधर कभी आए ही नहीं।’

चूक माझी आहे असं मी लेखी दिलं. साहेब म्हणाले, आता कबूल केलंस तर बाकीच्या नकाशांवर कोण विश्वास ठेवेल? माझा करार पुढे वाढणार नाही. पण तारा ओढायच्या आत तो सगळा भाग पायी फिरून पुन्हा नोंदवता आला, तर निदान मार्ग बदला म्हणून भांडता येईल. काका बरोबर येतो म्हणालेत. त्यांच्याच ढाणीत, म्हणजे वस्तीवर, मी खोली घेतली आहे. तारांचा मार्ग ठरवणारे ऐकतील याची खात्री नाही. मला झोप लागत नाही.

तू म्हणतोस, नोकरीच नाही तर घरी ये. कालच कुणाला तरी ‘घरी जाते’ म्हणाले आणि या खोलीकडे वळले, मग माझं मलाच कसंसं झालं. आईला इतक्यात काही सांगू नकोस. काशी सोडताना मला वाईट वाटलं होतं, लाज नव्हती वाटली. हा माळ असा सोडून आले तर वाटेल.