यादीतली अकरावी नोंद

माझे गाव जाफराबाद तालुक्यात. हवालदार म्हणून शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवर होती. सेक्शनमध्ये कुंभार पिंपळगावचा नायक रामकिसन होता. त्याच्याकडे पाच जुनी जपानी चित्र-पोस्टकार्डे होती. प्रत्येकावर किमोनो घातलेली एक बाई. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या पंखा.

"वहिनीला दाखवल्या का या सवती?" मी विचारले.

"न्हाई, उस्ताद. आज्यानं मोठ्या लढाईत, बर्मात मेलेल्या जपानी शिपायाच्या खिशातून काढल्या. आजा मरताना म्हणला, ज्याच्या हायेत त्याच्या घरी पोचव. मागं कायतरी लिहिलंय. वाचणारा सापडला की मंग सांगतो घरी."

त्या दिवशी पहाटे ५.५० ला आमची गस्त निघाली. ६.३५ ला ओढ्यापाशी फायर आला. रामकिसन सर्वांत पुढे होता; गोळी त्याला लागली. त्याला तिथून हलवायला मी वायरलेस सेटवर बोललो, "वन कॅज्युअल्टी. इव्हॅक पाठवा." थांबायला सांगणारे उत्तर आले, "वेट. आउट." ७.१० ला तो गेला.

शहीद जवानाच्या सामानाची यादी होते. क्लार्कने अकरावी नोंद लिहिली: ‘परदेशी स्त्रियांची आक्षेपार्ह चित्रे, पाच.’ साक्षीदार म्हणून सही माझी. मी न वाचता केली. पेटी गावी पोचली, तेव्हा सोबतच्या माणसाने भरल्या अंगणात यादी मोठ्याने वाचली.

निवृत्तीनंतर मी त्याच्या घरी गेलो. वडिलांनी चार कार्डे चुलीत घातली होती. सीमेवर गोळी खाल्लेल्या माणसाला गाव बाहेरख्याली म्हणत होते. मी त्याची पत्नी सुमन हिला सगळे सांगितले.

"भाऊजी, यादीखाली सही तुमचीच हाय ना?"

"हो."

"मंग मला एकटीला काय सांगून राह्यले? ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा."

नोंद दुरुस्त करा म्हणून मी लष्कराच्या ऑफिसला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले: नोंद बदलता येत नाही. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकलेल्या बाईत आक्षेपार्ह काय होते, ते कोणी कळवले नाही.

वर्षश्राद्धाला त्याच अंगणात, त्याच लोकांसमोर मी उभा राहून यादी पहिल्यापासून वाचली. घड्याळ, एक. जर्सी, दोन. दहा नोंदी झाल्या.

"अकरा. जपानी पोस्टकार्डे, पाच. बर्मात मेलेल्या एका जपानी जवानाची. नायक रामकिसन ती त्याच्या घरी पोचवणार होता. आधी लिहिलेले खोटे होते. त्यावर सही माझी होती."

वडिलांनी मान वर केली नाही. सुमनने लपवून ठेवलेले पाचवे कार्ड, छत्रीवालीचे, आणून रामकिसनच्या फोटोशेजारी ठेवले.

मग मी बारावी नोंद वाचली. दाढीचा ब्रश, एक.