फुंकणी तीनदा वाकली

पहिलेच सांगून ठेवतो... मी भूतबीत मानणारा पोट्टा नाही. कोणी असा किस्सा सांगाले लागलं की सगळ्यात आधी मीच हसतो. इथंही वर्षभर नुसता वाचून राहिलो आणि कमेंटीत लोकांची टर उडवली... एकाले म्हटलं गॅस झाला असन, एकाले म्हटलं चश्मा बदल. त्या दोघांलेही सॉरी. आता माह्यावर हसा. फक्त पूर्ण वाचून हसा.

सायबर कॅफेत बसून आहो, एकच तास आहे, म्हणून चुका सांभाळून घ्या.

हे रायपूरचं आहे. राज्य नवीन नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झाली होती, आणि जो तो आपापला इतिहास शोधून राहिला होता. आमच्या मराठी मंडळींलेही वाटलं, आपण इथं किती जुने ते दाखवावं. मग ठरलं, गणपतीत प्रदर्शन ठेवू — शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं रोज कशी जगत होती. राजे-लढाया नाही... दात कशानं घासायचे, चूल कशी पेटवायचे, असं. काम आलं आम्हा तिघांवर. मी आशुतोष, सगळे आशु म्हणतात. भूषण, तो मराठी साहित्याचा, अन् एका शिबिरात मोडी लिपी शिकून आलेला, त्याची लई ऐट. आणि सोनल, ती इतिहासाची.

सोनलबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे बाबा रेल्वेत, मूळचे गोंदियाचे, घरात मराठीच. तिले सगळं समजते. पण बोलणार हिंदीत. तिची आई मराठीत शिव्या देते, ही हिंदीत माफी मागते. तीन वर्षांत तिच्या तोंडून मराठीचं एक अख्खं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बसायचो ब्राह्मणपाऱ्यातल्या वाचनालयात. दोन खोल्यांचं जुनं घर आहे, कोण्या कुटुंबानं कधीतरी पुस्तकांसाठी दिलेलं. समोर वाचायची खोली, मागं एक खोली, तिले अजूनही कोठीच म्हणतात, कारण पहिले तिथं धान्य राहायचं. आता रद्दी अन् जुने अंक. कोठीले एकच दार, खिडकी म्हणजे वर हातभर फट, गज लावलेली. कडी बाहेरून... वाचायच्या खोलीकडून.

दिवसभर आमचं भांडण चालायचं. भूषण म्हणे, जुन्या कादंबऱ्यांत सगळे जेवतात पण चूल कोण फुंकते ते कोणी लिहीत नाही. सोनल म्हणाली, "लिखने वाला चूल्हे के पास गया ही कब था?" मी हसलो. ती नाही हसली.

मग कोठीतला रॅक सरकवताना मागं एक कोनाडा निघाला, आणि त्यात मोडीतल्या पत्रांचं एक बिंडोळं. आम्ही येडे झालो आनंदानं. भूषणनं चार दिवसांत बरंच लावलं. लिहिणारा भंडाऱ्याचा. त्याची बहीण याच घरात दिलेली होती. पत्रं तिच्या नवऱ्याले नव्हती, नवऱ्याच्या धाकट्या भावाले होती, तो इथं शाळेत शिकत होता. म्हणजे बहिणीचा भाऊ लिहून राहिला बहिणीच्या दिराले. सोपं आहे.

पत्रांत आमच्या कामाचा खजिना होता. तांदूळ, लुगडी, दातवण, लोणचं... आणि फुंकणी. चुलीत फुंकायची ती लोखंडी नळी. एका पत्रात लिहिलं, फुंकणी वाकली म्हणून कळले, दुसरी पाठवीत आहे. पाच महिन्यांनी परत, फुंकणी पुन्हा वाकली म्हणता, दुसरी पाठवतो, ताईस सांगावे चूल फुंकावी, ठोकू नये. आणि तिसऱ्यांदा परत फुंकणी. आम्ही इतके हसलो बे... भूषण म्हणे ही बाई चुलीशी कुस्ती खेळत होती काय. मी प्रदर्शनाचं कार्ड लिहिलं, मोठ्या अक्षरात — "फुंकणी : वर्षातून तीनदा बदलावी लागे. त्या काळचे लोखंड हलके असावे."

ते कार्ड मी लिहिलं. माह्या हातानं.

त्या दिवशी दुपार होती, मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. शेवटचं पत्र लावणं चालू होतं. बाकीची पत्रं कशी छान हळू लिहिलेली, हे घाईत, शाई फुटलेली. आता मोडीचं एक सांगतो. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारतात आणि अक्षरं तिले लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. कुठं तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

सोनल मधेच उठली, म्हणाली दो मिनट में आई. ती समोसे आणणार होती, म्हणून मले वाटलं तिकडंच गेली. मी मान वर करून पाह्यलंही नाही. बाहेरच्या दाराशी तिच्या चपला नव्हत्या, हे मले नंतर दिसलं, तेव्हा तर खात्रीच झाली.

भूषण बोट ठेवून वाचत होता. "पत्र पावताच कोठीपाशी जावे. कोणी काहीही सांगो..." तो शेवटच्या ओळीवर अडला. मग म्हणाला, "दार उघडू नका."

पान तिथंच संपत होतं. पुढचं पान बिंडोळ्यात नव्हतं, ते आम्हाले सकाळीच समजलं होतं.

आणि कोठीचं दार वाजलं.

टकटक नाही. आतून कोणीतरी अंग झोकून आदळलं असं. दार बोटभर उघडलं आणि परत बंद झालं. भूषणच्या हातातून पान पडलं. तो म्हणाला, "आशु, नको उघडू. नको उघडू बे."

मी धावलो आणि कडी लावली.

मग आवाज सुरू झाले. मी खूप वेळा आठवून पाह्यलं, कशासारखे होते... ओल्या गोदडीवर काठी हाणल्यासारखे. एक, मग श्वास घेण्याएवढा वेळ, मग दुसरा. हाणणारा घाईत नव्हता. आणि आतून बाईचा आवाज. मराठीत. अशी मराठी जशी आता कोणी बोलत नाही. "भाऊजी, दार उघडा. भाऊजी, तुमच्या पाया पडते. भाऊजी, मी मरते हो."

मी दोन्ही हात दारावर ठेवून उभा होतो. पाठीमागून कोणी हाणलं की माणूस पुढं आदळतो न... तसं दर फटक्याले दार माह्या तळहातावर आदळे. भूषण कान झाकून टेबलाखाली बसला होता. मी मोजत होतो, काहून मोजत होतो माहीत नाही. चौदा. नवव्याले काहीतरी मोडलं, कोरडं, जळतणाची काडी मोडावी तसं, आणि त्यानंतर बाई शब्द नाही बोलली, नुसती आवाज काढत राहिली. चौदाव्यानंतर तोही नाही.

तेवढ्यात वाचनालयाचे काका आले, ते पान खायले चौकात गेले होते. आम्हाले पाहून म्हणाले, कडी कोणं लावली रे? मी म्हटलं, काका आत कोणीतरी आहे. काका म्हणाले, "कोणीतरी म्हणजे? सोनल आहे न आत. माह्या हातातून टॉर्च घेऊन गेली, पत्राचं हरवलेलं पान शोधते म्हणे."

कोठीत विंचू निघतात म्हणून ती चपला घालून आत गेली होती.

काकांनी कडी काढली. माह्याकडून निघत नव्हती.

सोनल दाराशीच पडली होती, दारात हात अडकवायचा प्रयत्न केल्यासारखी. डावा हात कोपराच्या खाली, जिथं वाकत नाही तिथं वाकला होता. ओठ फाटलेला, एक दात खालीच फरशीवर. कुर्ता पाठीवर रक्तानं चिकटलेला. रॅक जागच्या जागी. एक पुस्तक पडलेलं नाही. टॉर्च चालू, गोल उजेड भिंतीवर. आत दुसरं कोणी नाही... कोणी असूच शकत नव्हतं, मी दारावर होतो न.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिची पाठ पाह्यली आणि बाहेर येऊन आम्हाले विचारलं, "किसने मारा इसको?" पाठीवर चौदा वळ होते. प्रत्येक वळाच्या टोकाले एक लहान गोल, मधे कोरा. जसं नळीचं तोंड दाबल्यावर उमटते.

तिचे बाबा ड्यूटीवरून तसेच आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. पहिली थापड मारली तेव्हा माह्या कानात शिट्टी वाजली, दुसरीत मी बाकावर पडलो, मग त्यांनी मले कॉलरीनं उचलून भिंतीवर आपटलं. मी हात वर केले नाही. कंपाउंडरनं सोडवलं. पोलीस आले. त्यांनी दोन तास एकच गोष्ट विचारली, पाइप कुठं फेकला. कोठी उपसून काढली त्यांनी. पाइप नव्हता, नळी नव्हती, खिळा नव्हता. रात्री सोनल शुद्धीवर आली आणि म्हणाली, "इन्होंने नहीं मारा। ये बाहर थे।" तेवढ्यावर आम्ही सुटलो.

आता पान. नर्सनं तिची मूठ उघडली तेव्हा त्यात एक कागद होता, रक्तानं भिजलेला, मोडीत. तिले खरंच सापडलं होतं. भूषणनं दवाखान्याच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली पाह्यलं. पहिल्याच ओळीवर तो थांबला. मी म्हटलं, वाच. तो वाचेना. मी त्याची गचांडी धरली.

"ढा," तो म्हणाला. "पहिलं अक्षर ढा आहे, आशु."

मले समजलं नाही. मग त्यानं पहिल्या पानाची शेवटची ओळ आठवून त्याले हे पान जोडून वाचलं. कोणी काहीही सांगो, दार उघडून काढा तिला बाहेर. फुंकणी कशाने वाकते ते आज कळले. तीनही मीच पाठविल्या.

दार उघडून काढा. आम्ही चुकीच्या जागी तोडलं.

मी भूषणले मारलं. तोंडावर, मग पोटात, आणि त्यानंही मले मारलं, माह्या नाकातून रक्त आलं, आणि आम्ही दोघंही रडत होतो. तो ओरडला, वाचलं मी, पण कडी तू लावली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मोडी तर त्यानं सोडलीच.

प्रदर्शन झालं नाही. गणपतीच्या दिवसांत घरी कोणी नसताना मी आईची फुंकणी काढली, आजीच्या वेळची, आणि अंगणातल्या फरशीवर हाणली. सगळा जोर लावून. बारा-तेरा वेळा. फरशी फुटली. फुंकणी वाकली नाही.

दिवाळीनंतर सोनल आमच्या पंडरी भागातल्या घरी आली. हातात रॉड टाकलेला, बोटं नीट मिटत नव्हती. आईनं चिवडा दिला, तिनं उजव्या हातानं खाल्ला, आई आत गेली तशी म्हणाली, "मैंने तेरा नाम लिया था। आशु, दरवाज़ा खोल... कितनी बार बोला।"

मी तिले खरं ते सांगितलं. की आम्हाले मराठी ऐकू आली. भाऊजी ऐकू आलं. तू मराठी बोलत नाही, म्हणून मले शंभर टक्के वाटलं की ती तू नाही.

तिनं प्लेट खाली ठेवली. मग म्हणाली, "और तू जो बोल रहा था?"

मी म्हटलं, मी काहीच नाही बोललो. आणि नव्हतोच बोललो. मी नुसते फटके मोजत होतो.

"तू बोला। आवाज़ तेरी ही थी, दरवाज़े से चिपक के। हर बार मारने के बाद बोलता था।" आणि मग ती मराठीत बोलली, पहिल्यांदा, अगदी हळू, जसं ऐकलं तसं. "वहिनी, मले नाही उघडता येत. दादा मलेही मारतीन."

तिनं विचारलं, ते कार्ड आहे का अजून, फुंकणीवालं. होतं. मी आणून दिलं. तिनं ते वाचलं, चार तुकडे केले, उजव्या हातानं अन् दातानं, आणि चिवड्याच्या प्लेटीत ठेवून निघून गेली. आताही भेटते कधी गोल बाजारात. थांबते, नमस्ते करते. सोबत चालत नाही.

आता तुम्ही म्हणसाल रॅक पडला असन, उष्माघात, भूषणचा भास. सगळं करून पाह्यलं मी. कोठीत बसून पाह्यलं, दार ठोकून पाह्यलं, काकांले खोदून विचारलं. त्या सुनेचं पुढं काय झालं, कोणाले माहीत नाही. त्या दिरानं दुसरं पान उलटलं होतं का, की पहिलंच वाचून, आपल्याले पाहिजे तिथं तोडून, कोनाड्यात लपवून दिलं... तेही माहीत नाही. आवाज कोणाचा, वळ कशाचे, माह्या तोंडून कोण बोललं... कोणाले माहीत असन तर खरंच लिहा.

फक्त ती कडी कोणं लावली, हे नका विचारू. तेवढं मले माहीत आहे.