कळंबाच्या जाळावरचा भात

देवाची कृपा अनुभवलेली माणसं ती सांगताना प्रसन्न दिसतात. माझं तसं होत नाही. तो दिवस आठवला की आजही मान खाली जाते, म्हणून आधी माझी लाजच सांगतो.

देश नुकताच बाहेरच्या कंपन्यांना खुला झाला होता आणि त्यातल्याच एकीत मी लागलो होतो. गळ्यात टाय आला आणि कानात वारं शिरलं. देवपूजा सुटली. आमचं घर तेलुगू मुलखात, बरकतपुऱ्यात. वडील लवकर गेले, काका-काकूंनीच मला वाढवलं. त्या हिवाळ्यात पुण्याची चुलत भावंडं यायची होती, तेव्हा सगळ्यांनी नल्लमलाच्या जंगलात तंबू ठोकून दोन दिवस राहायचं, ही टूम मी काढली. काका असल्या थेरांना कधी येत नसत, पण या वेळी लगेच हो म्हणाले. मला वाटलं, माझ्या नव्या तंबूचं कौतुक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओढ्यावर गेलेले. जवळच एक जुनाट झाड होतं, चौघांच्या कवेत न मावणारं. त्याची वाळकी फांदी मी कुऱ्हाडीनं तोडली, भावांनी माझे फोटो काढले. भात शिजत आला तेव्हा काका परतले. फांदीबरोबर पडलेली दोन पानं उचलून ते बघत राहिले.

"हा कळंब आहे रे. आपलं देवक."

आमच्या घराण्यात लग्नाआधी कळंबाची डहाळी पुजतात. कळंब तोडायचा नाही, जाळायचा नाही, त्याच्या जाळावरचं खायचं नाही. हे मला पाठ होतं, पण झाडच ओळखता आलं नाही. लग्नात आणलेली डहाळी तेवढी पाहिलेली. 'चुकलो' म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण पुण्याची मंडळी बघत होती.

"जग कुठं चाललंय, आणि तुम्ही झाडाशी नाती सांगताय! खायचं तर खा, नाहीतर राहू द्या."

पानं खिशात घालून काका झाडांत निघून गेले. रागानं गेलेत, येतील, असं मी म्हणत राहिलो. तासाभरानं काकू रडकुंडीला आल्या. "सकाळी इन्सुलिनची सुई घेतलीय त्यांनी, पोटात घास नाही. आणि इथं आले कशाला, माहीत आहे? या रानात कळंब आहे म्हणून. पोरांना एकदा देवक दाखवतो म्हणत होते."

आम्ही चहूकडे पांगलो. हाका मारून माझा घसा बसला. सगळी झाडं सारखीच दिसायला लागली, तेव्हा मी मटकन खाली बसलो. देवाकडे मागायला तोंड नव्हतं. एवढंच म्हणालो, 'माझ्या हातात काही नाही. त्यांना सांभाळ.'

थोड्या वेळानं खालच्या बाजूनं एक चेंचू बाई वर आली. चेंचू म्हणजे त्या रानातलेच लोक. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताता?" ताता म्हणजे आजोबा. मी तिच्यामागे धावलो. काका एका खोडाला टेकून बसले होते, ओठांना मध लागलेला. तिनं सांगितलं, हरवलेली शेळी शोधत ती एरवी जात नाही त्या उताराला गेली, तिथं ते घामाघूम, थरथरताना दिसले, आणि तिनं पोळ्यातला मध त्यांच्या तोंडात पिळला. ती शेळी तिकडेच का गेली, मला ठाऊक नाही. मी बाईच्या पाया पडलो, तर ती संकोचून निघून गेली.

तंबूपाशी सगळे धावत आले. काकांनी मला बोलूच दिलं नाही. "हौ, मीच रस्ता भुललो. पोरगं बिचारं उन्हात फिरलं."

पंगत बसली. मी पुटपुटलो, "काका, तुमच्यासाठी स्टोव्हवर वेगळा भात लावतो."

"नक्को. पोरं उपाशी बसलीत. वाढ."

त्यांनी झाडाकडे बघून हात जोडले आणि त्याच भाताचा पहिला घास घेतला. जन्मभर पाळलेला नेम त्यांनी माझी लाज राखायला मोडला.

पूजा मी पुन्हा सुरू केली, ती त्यानंतर. आता देवापुढे फार बोलत नाही, नुसता बसतो. त्या दिवशी क्षमा मागण्याआधीच माझ्या पदरात पडली होती, आणि ती देणाऱ्याला मी उपाशी घालवलं होतं.